सात नंबरचा दगड

फॉर्मात रकाना अकरा :
वास्तू मूळ स्थितीत आहे काय?
होय किंवा नाही.
मी पेनचं टोपण दातात धरून उभी.
गयबू म्हणाला, आधी हत्ती बघून घ्या बाई,
मग काय लिहायचं ते लिहा.

निळ्या पाटीवरचा दंडाचा आकडा उन्हानं खाल्लाय.
पाटीच्या खांबाला शेळी बांधलेली.
देवळातून शेळ्या हाकलायचा
गयबूला रोज मिळतो.
शेळी त्याचीच.

हे देऊळ इथलं नाही.
गंगेच्या काठाला होतं, जुन्या दूधगव्हाणात.
धरणाची भिंत वर यायला लागली
तेव्हा सरकारनं ते सुटं केलं,
आधी कळस, मग शिखर, मग एकेक थर.
चुन्यावाचून बसवलेले दगड,
निघाले म्हणे अलगद,
तव्यावरून भाकरी निघावी तसे.

दगडांवर आकडे घातले लाडलेसाब मिस्त्रीनं.
निजामाच्या राज्यात चार इयत्ता झालेल्या,
त्या उर्दूत.
पांढरा रंग, बाभळीच्या काडीचा चावून केलेला ब्रश,
आणि डबा धरून मागं मागं
दहा वर्षांचा गयबू.
जन्मात तेवढंच एक काम मनापासून केलं,
असं तो स्वतःच सांगतो.

दगड ट्रकनं माळावर आले,
तीन पावसाळे कुसळात पडून राहिले.
तेवढ्यात लाडलेसाब गेले.
चौथ्या साली जे ओव्हरसियर आले
ते सातारकडचे.
त्यांनी एका मौलवीला विचारून
आकडे कागदावर उतरवून घेतले :
सात म्हणजे बेचकी,
आठ म्हणजे खोप.

कागद बरोबर होता.
दगड पालथा पडला होता.
बेचकी उलटी झाली की
तिचीच खोप होते.

दोन आठ निघाले, सात काही सापडेना.
वहीत नोंद झाली : क्रमांक सात गहाळ.
आणि उरलेल्या जागी
उरलेला दगड ठोकून बसवला.

आता गजथरात तेवीस हत्ती पायांवर चालतात,
एक डोक्यावर.
मी मान वाकडी करून फोटो काढला,
मग कॅमेराच उलटा धरला,
तर बाकीचे तेवीस पडले.

चतुराबाई नव्या सुनांना सांगते,
त्याला पाण्याखालचं गाव दिसतं गं,
म्हणून तो तसा.
शाळेतली पोरं म्हणतात, सर्कशीतला आहे.

मागच्या साली कचेरीतून एस्टिमेट आलं,
हत्ती सुलटा करण्याचं.
ग्रामसभेत कोणी बोलेना.
मग मागून एकजण म्हणाला,
ऱ्हाऊ द्या साहेब, कामून हात लावता.
आमची तरी घरं कुठं सुलटी बसली?
प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले तुम्ही.
ज्याच्या बांधाला बांध नको होता
त्याच्या भिंतीला भिंत आली.
आता त्याच्याच पोरीचं लग्न
माझ्या दारात लागतंय.

वैशाखात पाणी उतरतं
तेव्हा देवळाचं जोतं उघडं पडतं.
गयबू तेवढ्यासाठी तीन कोस चालत जातो.
खाली जोत्यावरही आकडे होते, तेच,
कुठला दगड कुठं हे कळावं म्हणून.
रंग पहिल्याच पुरात गेला.
पण त्याला जागा ठाऊक आहे.
चिखल टाचेनं बाजूला करतो,
म्हणतो, हितं सात,
आणि उगीच थोडा वेळ
तिथं उभा राहतो.
पगार इकडच्या देवळाचा आहे,
तिकडं कोणी पाटी लावलेली नाही.

लिहिलं का बाई?
अजून नाही, म्हणाले.
होयच्या चौकटीवर पेन टेकवलं,
उचललं.
तेवढ्यात शेळीनं दावं सोडवलं
आणि पायऱ्या चढून
ती थेट सभामंडपात गेली.
गयबू शिव्या देत तिच्यामागं धावला,
चप्पल मात्र
पायरीशी काढून.