मनगटापासून जमिनीपर्यंत

बाणावलीत, चर्चच्या मागच्या वाटेनं गेलं की
बेंतो कुलासोची शेड लागते.
बाहेर अजून बापाच्या वेळची पाटी, सायकल दुरुस्तीची.
आत भिंतीला टांगलेल्या गोल्फच्या काठ्या,
एकीचा चेहरा दुसरीला नाही.

मी पिशवी खाली ठेवली.
पर्वरीचा दीर लिस्बनला गेला तेव्हा
फ्रिज नणंदेला मिळाला, ही पिशवी मला.
दीर सहा फूट.
मी पाच, चपलेसकट.

दोन महिने वार्क्याच्या मैदानावर
चेंडू होता तिथंच राहायचा, गवत तेवढं उडायचं.
शिकवणारा म्हणायचा, आणखी वाका.
मी वाकायचे.
सवय असलेल्या बाईला वाक म्हणायला
काय जातं कुणाचं?

"आधी नीट शिकते," मी बेंतोला म्हटलं,
"माप मग घेऊ. नवशिकीला कशाला एवढं?"
त्यानं ओठांत धरलेला स्क्रू काढला.
"बाय, चावऱ्या चपलेत कोण चालायला शिकतो?
लंगडायला शिकतो."

मग टेप काढली.
सरळ उभी रहा. खांदे सोड. हात सोड.
"तशें न्हय. सोड म्हणजे सोड."

मुरगावच्या बंदरात तीस वर्षं
मी वजनकाट्यावर होते.
आधी रिकामा ट्रक, मग भरलेला,
वजाबाकी केली की माल.
लाल धुळीतून हजारो ट्रक गेले माझ्या खिडकीखालून.
रिकामं वजन चुकलं की पुढचं सगळं चुकतं,
हे मी नव्या पोरांना ओरडून सांगायची.
आणि इथं, सायकलच्या शेडमध्ये,
दोन्ही हात रिकामे सोडून उभी राहायला
मला तीनदा सांगावं लागलं.

मनगटापासून जमिनीपर्यंत एकतीस इंच.
त्यानं वहीत लिहिलं, सुलक्षा केंकरे, एकतीस.
उजवा खांदा किंचित खाली, तेही लिहिलं.
"हा कशानं?"
मी म्हटलं, माहीत नाही.
माहीत होतं. पाण्याच्या कळशा, सासूबाईंची शेवटची दोन वर्षं.
ते वहीत कुठल्या रकान्यात घालणार?

बांगड्या काढायला लावल्या. मूठ धरायला लावली.
बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत, रुतता कामा नयेत.
माझी टेकतच नव्हती.
त्यानं मुठीवरचं जाडं रबर ब्लेडनं उभं चिरलं
आणि बांगड्याच्या सालासारखं सोलून फेकलं.

मग दिराच्या काठीच्या तळाला पट्टी चिकटवली,
जमिनीवर काळी फळी ठेवली, म्हणाला, मार.
मारलं. त्यानं काठी उलटी केली.
पट्टीवर ओरखडा, एका कडेला, टाचेकडे.
"पळय. काठी लांब, नाक वर करून उभी.
तू कितीही वाकलीस तरी ती टेकणार नाही."

मी तो ओरखडा बराच वेळ बघत राहिले.
राग आला. कुणाचा ते ठरेना.
दिराचा यावा, तर तो बिचारा लिस्बनमध्ये
दुसऱ्याच्या मापाचा कोट घालून भांडी घासतोय म्हणे.

दुसरी काठी दिली, हलकी, कापून आखूड केलेली.
सहाव्या फटक्याला
चेंडू जाळीत गेला आणि आवाज असा आला
की बाहेर झोपलेलं कुत्रं उठलं, बघून परत झोपलं.
पट्टीवर ओरखडा मधोमध.
सातवा परत गवतात. म्हणजे गवत नव्हतंच, फळीच फुटायची.

पूर्ण संचाचे पैसे नव्हते. पाच काठ्या सांगितल्या.
बेंतो म्हणाला, पाच पुरे, उरलेल्या हव्याशा वाटल्या तर ये.

मडगावला बस बदलताना पर्स उघडली,
सुट्ट्या पैशांना दोन्ही पट्ट्या चिकटलेल्या.
कंडक्टरनं विचारलं, हे काय?
मी म्हटलं, वजनाची पावती,
आणि वास्कोचं तिकीट मागितलं.