परकारच्या लॉन्ड्रीतलं फळकूट

जुबैलला, कॅम्पच्या मागच्या गल्लीत,
इस्माईल परकारची लॉन्ड्री.
इस्त्रीच्या टेबलावर एक फळकूट, त्यावर पुस्तकं.
फायनल एक्झिटवाल्यांनी तीस किलोंच्या काट्यावर
शेवटच्या घटकेला बाहेर काढलेली.
ब्लँकेट विमानात चढलं, खजूर चढले, पुस्तक उतरलं.
परकारचा नियम एकच: न्या, पण कसं वाटलं ते सांगा.
तो स्वतः वाचत नाही. डोळ्यांत वाफ जाते म्हणतो.

तर परकारभाई, या खेपेचं.

हिमालयाचं प्रवासवर्णन.
बाहेर सत्तेचाळीस, एसीचा कॉम्प्रेसर बसलेला,
आणि हा गृहस्थ ऐंशीव्या पानापासून
बोटं गोठल्याची तक्रार करतोय.
पाय बादलीत सोडून वाचलं. दया आली नाही.

एका मुख्याध्यापकाचं आत्मचरित्र.
चारशे पानांत बायकोचं नाव एकदाच येतं,
तेही ती वारली तेव्हा.
मिटलं, आणि घरी फोन लावला.
काय बोलावं सुचेना.
सिलिंडर आला का, विचारलं.

भुताच्या गोष्टी.
सगळी भुतं वडावरची नाहीतर विहिरीतली.
इथे वड नाही, विहीर नाही, खोलीत सहा जण घोरतात.
तरी रात्री बाथरूमला जाताना
रमीझला उठवून बरोबर नेलं.

शेअर बाजारात श्रीमंत व्हायचे एकवीस मार्ग:
ज्याचं होतं तोही वजन भरलं म्हणून टाकून गेला,
यातच काय ते आलं.

समुद्री प्राण्यांवरचं एक.
ऑक्टोपसला तीन हृदयं असतात,
हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळतंय.
आमच्या प्लांटवर, पाणी आत घेतो तिथल्या जाळीला
रोज जेलीफिश चिकटतात, रोज पाइपने धुतो.
परवा धुतलं नाही लगेच. बघत राहिलो.
खालून ओरडले, काय हरवलंय का?

कवितासंग्रह, चौसष्ट पानं.
सतरा कळल्या नाहीत.
एक अशी कळली की
लॉगशीटवर प्रेशरच्या रकान्यात
तिचीच ओळ लिहून बसलो.
सुपरवायझरने बोट ठेवलं. हे काय?
म्हटलं, मराठीत सात.

पाककृतींचं पुस्तक.
पुरणाच्या पानावर हळदीचा अंगठा,
समासात पेन्सिलने, 'सुनंदा गूळ निम्माच घालते.'
खाली प्रत्येक पानावर 'मीठ चवीपुरतं'.
बारा तास समुद्रातून मीठ काढणाऱ्याला
हे वाचून हसू येतं, मग भूक लागते.

मल्याळममधलं एक. वाचता आलं नाही.
आत कढीपत्त्याचं डहाळं, वास गेलेलं.
होतं त्याच पानात ठेवलंय, बघून घ्या.

आणि ती रहस्यकथा.
शेवटची अकरा पानं नाहीत, हे तुम्ही सांगितलं नव्हतं.
मलपृष्ठाच्या आत निळ्या पेनाने:
'खुनी कोण, मला येऊन विचारा.
ब्लॉक सी, खोली १२. म. तांडेल.'
गेलो.
दार डंबर नावाच्या नेपाळी पोराने उघडलं.
तांडेल? त्याच्याआधी कोणी बंगाली होता, एवढंच त्याला ठाऊक.
काळा चहा दिला. मी मोडक्या हिंदीत
वाडा, विहीर सोडून सगळं कथानक सांगितलं:
भाचा, माळी, डॉक्टर, मृत्युपत्र.
त्याने कप खाली ठेवला. डॉक्टर, म्हणाला.
का रे?
तोच एकटा लगेच घरी गेला ना.

परकारने इस्त्री उभी केली,
बिलबुक उलटं करून मागचं पान काढलं.
माळी, चार रेघा. भाचा, दोन.
डॉक्टर असं नवं लिहून
पुढे एक रेघ ओढली.

आणि तांडेल काय म्हणायचा?

विचारायचं राहिलं, परकार म्हणाला.
शर्ट न्यायला येणार होता.
काठीने त्याने वरच्या दांडीवरचे कपडे सरकवले.
प्लॅस्टिकमध्ये एक आकाशी शर्ट,
चिठ्ठीवरची शाई उडालेली,
कॉलर अजून कडक.