तिरकी रेघ

हनान शिदयाक खिडकीशी आली
तेव्हा जनरेटर नुकताच बंद पडला होता
आणि मी टॉर्च तोंडात धरून
एका मयताची नोंद करत होतो.

"माझा पंथ खोडा," म्हणाली,
वीजबिलावरचा पत्ता बदलायला यावं, तशी.

झहलेच्या या कचेरीत मला एकतीस वर्षं झाली.
अर्धं गाव माझ्या अक्षरात जन्मलंय.
नावानंतर चौथा रकाना पंथाचा.
मूल नीट डोळे उघडायच्या आत
तो भरलेला असतो.

"खोडून तिथे काय लिहू?"
"काहीच नको."
"कोरं सोडता येत नाही, बाई.
कोऱ्या जागेत उद्या कुणीही काहीही भरेल."
परिपत्रक शोधलं. धूळ झटकली.
त्यात होतं: तिरकी रेघ मारावी.

मी तिला सगळं सांगितलं, कामच आहे माझं.
लग्नाला समुद्र ओलांडून सायप्रसला जावं लागेल,
तिथला कागद आपलं सरकार मुकाट मानतं,
इथे मात्र लावून देत नाही.
वारसाहक्काला कुठलं कोर्ट, मलाही ठाऊक नाही.
आणि मेल्यावर...
"मेल्यावरची अडचण माझी नाही," ती हसली,
"तुमची."

युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात
पुलाजवळच्या नाक्यावर
माझ्या थोरल्या भावाला गाडीतून उतरवलं.
नबीह. हे नाव दोन्हीकडे ठेवतात.
चेहराही दोन्हीकडचा,
फोटोत तर तो उगाचच हसत होता.
त्यांनी चौथा रकाना वाचला.

ओळखपत्र आम्हाला परत मिळालं,
घडीसुद्धा मोडली नव्हती.
याच कचेरीतून गेलेलं ते,
माझ्या आधीच्या कारकुनाचं
गोलसर, देखणं अक्षर.

हे मी हनानला सांगितलं नाही.
पट्टी सापडेना, तशीच रेघ मारली.
जरा लांबली, शेजारच्या रकान्यात
तिच्या आईच्या नावाला लागली.
तिने वाकून पाहिलं. "असू दे," म्हणाली,
शिक्क्याचे पैसे मोजले
आणि सुटे परत न घेता गेली.

मागे रांग होती.
पुढचा माणूस घामाघूम,
हातात इस्पितळाचा कागद.
"मुलगी झाली. काल रात्री.
नाव अजून ठरलं नाही, चालेल का?"

"चालेल," मी म्हणालो,
टॉर्च पुन्हा दातांत धरत.
"नाव मागाहून सांगा.
पंथ?"