आवाज बदललाय

रास्ता पेठेतल्या त्या इस्पितळात जिन्याखाली पाटी होती:
नातेवाईकांनी विनाकारण थांबू नये.
मी कारण शोधत सहा दिवस थांबलो.

मालूताईची उजवी बाजू गेली होती, आणि बोलणं.
चाळीस वर्षं दापोडीत डबे पुरवणारी बाई,
मिठाचा अंदाज ज्या हातात होता
तो हात चादरीवर,
कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

तुम्ही कोण पेशंटचे?
भाऊ.
बायकांपैकी कुणी नाही का?
नाही. आहे तो हा आहे.

सिस्टर शेलारांनी मला वरून खाली पाहिलं,
म्हणाल्या, हात धुवा. असे नाही. कोपरापर्यंत.
मग शिकवलं: नळीतून पेज देताना डोकं उंच,
मनगटावर थेंब टाकून बघायचा,
ढकलायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं.
दर दोन तासांनी कूस. टाचेखाली घडी.
भोसरीत तेहतीस वर्षं मी लेथ चालवला,
मायक्रोमीटर धरावा तशी सिरिंज धरली.
हात बरा आहे तुमचा, त्या म्हणाल्या.
रिटायर झाल्यापासून हे कुणी म्हणालं नव्हतं.

वही केली.
साडेसहा: पेज, दोनशे मिली.
डावं बोट गादीवर दोनदा: तहान.
तीनदा: पंखा.
डोळे घट्ट मिटणं: आता तू गप्प बस.

सातव्या रात्री, अडीचला,
खोकला नव्हता, ताप नव्हता.
पडद्यावर सत्त्याण्णव, हिरवागार.
फक्त श्वासाच्या शेवटी बारीकसं काहीतरी,
बेअरिंग जायच्या आधी येतं तसं,
जे फोरमनला ऐकू येत नाही,
मशीनवर उभ्या असलेल्याला येतं.

डॉक्टर तडवी, वय असेल सव्वीस, डोळे चार रात्रींचे.
म्हणालो, आवाज बदललाय.
आकडे चांगले आहेत काका, झोपा थोडं.
म्हणालो, आकडा नंतर पडतो. आवाज आधी बदलतो.
तो थांबला.
एवढंच. दारात, अर्धा वळलेला, थांबला.
मग स्टेथोस्कोप तिच्या पाठीला,
उजवीकडे, खाली, बराच वेळ.
मग फोन. मग एक्स-रेचं चाकांचं यंत्र
झोपलेल्या वॉर्डातून खडखडत.

पहाटे बेसिनपाशी त्याने विचारलं, कसं कळलं तुम्हाला?
कळलं नाही, म्हटलं. ऐकू आलं.

नेहमी असं होत नाही, हेही वहीत आहे.
पलीकडच्या खाटेवरच्या बागवानांच्या सुनेनं
अब्बा आज वेगळे दिसतात, असं दोनदा सांगितलं होतं.
तेव्हा दारात कुणी थांबलं नाही.
ती भांडली नाही. तिला वाटलं, आपल्याला काय कळतं.
खाट आता धुऊन ठेवलीय.
गादी गॅलरीत उन्हाला.

राउंडला मोठे डॉक्टर सवयीनं म्हणाले, नातेवाईक बाहेर.
तडवी म्हणाला, सर, यांना राहू दे. यांच्याकडे वही आहे.
मोठ्यांनी वही उभ्याउभ्या वाचली,
एका पानावर हसले, पान परत उलटलं,
मग मला विचारलं, रात्री कुठल्या कुशीवर बरी झोपते?
दुपारी खाटेच्या पायथ्याच्या चार्टवर,
नाडी, ताप, लघवीच्या शेजारी,
तडवीनं पट्टीशिवाय एक वाकडा रकाना आखला:
भावाचं म्हणणं.

पहिले काही दिवस त्यात काय भरावं कळेना.
ठीक, असं लिहायचो. ठीक. ठीक.
सिस्टर म्हणायच्या, हे तर आम्हीही लिहितो.

एकोणिसाव्या दिवशी नळी काढल्यावर
सिस्टरांसमोर पहिली खिचडी, चमच्यानं.
मालूताईनं जिभेवर घोळवली, गिळली,
चौथ्या चमच्याला डाव्या हातानं वाटी सरकवली
आणि अंगठ्यावर दोन बोटं चोळली.
मीठ.

लिहिलं: सव्वाआठ. तीन चमचे. अळणी म्हणून चिडली.
सिस्टर शेलारांनी खाली सही केली,
वेळ दुरुस्त केली. आठ सतरा.