रिकाम्या गाडीचं वजन

जालन्यात, फेज दोनला, सळईच्या कारखान्यात
मी काटा चालवतो. साठ टनी.
भंगार घेऊन ट्रक येतो, मी ग्रॉस घेतो.
रिकामा होऊन जातो, मी टेअर घेतो.
वजाबाकी यंत्र करतं.
मला फक्त ड्रायव्हरला सांगायचं असतं,
‘खाली उतर भाऊ, तुझं वजन मालात धरायचं नाही.’

माझा पगार दोन तुकड्यांत.
अकरा हजार बँकेत, एक तारखेला, मोबाईल टुणकन वाजतो.
पंधरा हजार सात तारखेला, खाकी पाकिटात.
पाकिटावर नाव नसतं,
पेन्सिलीनं नुसतं ‘काटा’.
देताना पारसमलजी मुनीम खिडकीबाहेर बघायचे,
जणू बाहेरून कुणी हाक मारली.

पहिल्या महिन्यात विचारलं होतं, सगळेच बँकेत का नाहीत.
म्हणाले, ‘येडा झाला का?
सगळं पक्क्यात घेतलं तर टॅक्स तुझाच कापला जाईल.
तुझ्याच भल्याचं सांगतो.’

भल्याचं म्हणल्यावर माणूस गप्प बसतो.
मी नऊ वर्षं बसलो.

शिलकीतलं काही बँकेत भरायला भ्यालो.
पत्र्याच्या डब्यात नोटा, वर हरभऱ्याची डाळ.
दरसाल डाळीला सोंडे लागायचे,
प्रयाग ती शेजारच्या कोंबड्यांना टाकायची
आणि नवी भरायची.
टीव्हीवर धाडीची बातमी लागली की चॅनल बदलायची.
लेकीनं एकदा विचारलं, ‘पप्पा, आपण श्रीमंत आहोत का?’
चंदनझिऱ्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत.

घरकर्जाला गेलो.
मॅनेजर म्हणाले, अकरा हजारात हप्ता बसत नाही.
म्हणलं, सव्वीस आहेत साहेब.
‘दाखवा.’
मी खिशाला हात लावला
आणि तसाच उठलो.

भाद्रपदात तीन पांढऱ्या गाड्या आल्या.
सवयीनं मी पहिलीला काट्यावर घ्यायला निघालो होतो.
दोन दिवस फाटक बंद.
मुनीमजींच्या गादीखालून लाल डायरी निघाली,
तिच्यात दर महिन्याच्या सातला: काटा – १५.
मग मला पत्र आलं.
उत्तरेश्वर किसनराव धांडे.
वडिलांच्या नावासकट, टाईप केलेलं.

आदल्या रात्री मुनीमजी घरी आले. चहा घेतला नाही.
‘काटा म्हणजे काट्याची दुरुस्ती, असं सांग.
दर महिन्याला बिघडायचा म्हणावं.’
आतून प्रयाग म्हणाली,
‘बिघडला न्हाई कधी.’

त्याआधी मी मामा चौकात काझी सीएंकडं जाऊन आलो होतो.
त्यांनी कॅल्क्युलेटरसुद्धा घेतला नाही.
‘सव्वीस गुणिले बारा. तीन लाख बारा.
रिटर्न भरायला पाहिजे होतं, ते चुकलंच.
पण कर?’
कागदावर शून्य काढलं.
‘सगळं पक्क्यात असतं तरी तुम्हाला रुपया बसला नसता.
विकलेला माल लपवायचा, म्हणून पगारही लपवायचा.
पीएफ वाचला तो त्यांचा.’
मग चष्मा पुसत म्हणाले, ‘तुम्ही कशाला भ्यालात?’

मला आधी हसू आलं.
मग ती डाळ आठवली.
नऊ वर्षं घरात होती,
आम्ही कधी शिजवली नाही.

संभाजीनगरला, तिसऱ्या मजल्यावर,
बाहेरच्या बाकावर पारसमलजी बसले होते,
पिशवी पोटाशी धरून.
त्याच डायरीत, माझ्या वरच्या ओळीत,
त्यांच्याच अक्षरात होतं: गादी – २२.
चाळीस वर्षांची नोकरी. पेन्शन नाही.
मी त्यांना पाणी आणून दिलं. बोललो नाही.

आत साहेबांनी पान उलटं करून माझ्याकडं सरकवलं.
‘काटा – १५. हे काय आहे?’

ड्रायव्हरांना मी रोज खाली उतरवतो.
त्या दिवशी खुर्चीत तसाच बसून राहिलो,
दोन्ही पाय फरशीवर टेकवून,
आणि नाव सांगायला लागलो,
वडिलांपासून.