दोन, तीन, पाच

दारूखान्यातल्या गोदामात
आठ प्रोजेक्टर टांगलेत छताच्या अँगलला, उलटे.
उद्या अकरा वाजता ते भिंतीवर समुद्र ओतणार.
खरा समुद्र त्याच भिंतीमागे आहे,
काळा, जुन्या बोटींच्या तेलाचा वास मारत.
पाहुण्यांसमोर कुणी बांबूला रिमोट बांधून फिरायचं नाही,
असं क्युरेटरबाईंनी दोनदा बजावलंय.

म्हणून ही केबल.
लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, राखाडी, एक अख्खं भेंडोळं.
पास्कोलकाका पाचूबंदरचे, टेप वापरत नाहीत.
दोन्ही हात ताणून वाव मोजतात,
बापाने जाळ्याची दोरी मोजली तशी.
"आठ वावांच्या पुढे नको गं.
त्याच्यापुढे आवाज पातळ होतो."

नऊ पिना. कामाच्या तीन,
बाकीच्या सहा, काकांच्या भाषेत, वऱ्हाडी.
दोन ऐकते.
तीन बोलते.
पाच म्हणजे जमीन, ती दोघांची एकच हवी.
इकडची तीन तिकडच्या दोनला, इकडची दोन तिकडच्या तीनला,
मध्ये फुली.
सरळ जोडलीस तर तोंडाला तोंड लागतं,
दोघं बडबडत राहतात
आणि कान कानाला चिकटून बहिरे.

"आमच्या घरात तीस वर्षं सरळच वायरिंग होती,"
काका म्हणाले,
आणि फुंकर मारून कथील गार केलं.

मग पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात,
धक्क्यावर पाट्या हातोहात जातात तसा हुकूम पुढे.
ज्याचा नंबर त्याने घ्यायचा.
आपला नसेल तर सरकवायचा,
आत काय आहे ते बघायचं नाही.

वेग शहाण्णवशे. मी लॅपटॉपवर लिहिते: एक, ऊठ.
वर खट्ट, पंखा, निळा उजेड. ओके.
दोन, ऊठ. ओके.
तीनला उठवलं तर उत्तरात
प्रश्नचिन्हं, चौकोन, अर्धा ओ.
सहा तर गप्पच.

शिडी. केबल बदलली.
टोक कापून नवं लावलं, माझं बोट भाजलं.
चार आणि सहाची जागा बदलून पाहिली, परत केली.
रखवालदार यादवने चहा आणला तेव्हा पावणेदोन वाजले होते
आणि मी पिनांना शिव्या घालत होते, ज्या निर्दोष होत्या.

सहा सेकंडहँड निघाला.
भाईंदरच्या कुठल्याशा लग्नाच्या हॉलमधून आलेला,
तिथे तो तीन होता.
आता सहा झालास, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
तीनला हाक गेली की दोघं एकदम ओ द्यायचे,
आणि सहाच्या नावाला
गोदामात मालकच नव्हता.

मला हसू आलं. काकांना कारण सांगितलं नाही.
लग्नानंतर वर्षभर,
तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेल्या नावाने कुणी बोलावलं
की मी शेजारी बघायचे.

मेनूत जाऊन त्याला सहा केलं.
दिव्याचे तास विचारले: तीन हजार नऊशे अकरा.
किती नवऱ्या याने भिंतीएवढ्या केल्या असतील,
मेंदीचा एकेक ठिपका ताटलीएवढा.

मग आठही एकदम.
गोदामभर पाणी चढलं, सिमेंटच्या गोण्यांवर,
यादवच्या बनियनवर, काकांच्या टकलावर.
काका बघत राहिले. म्हणाले,
"भरतीची दिशा चुकलीय. पण तो आपला प्रश्न नाही."

बंद.
दिवे गेले तरी पंखे फिरत राहतात दीड मिनिट.
एकेक थांबत आला.
काका शिडीवर, सहाच्या पाठीवर तळहात ठेवून,
पोराचा ताप बघावा तसा.
"निजला का बघ."
मी विचारलं.
दोनवर उत्तर आलं:
थंड होतोय.

शिडी दुमडायची घाई काकांनी केली नाही.