बाकी

दादांनी नाणी कधी जमवली नाहीत;
बदलली.
सहासष्ट नंबरच्या गाडीवर
चामड्याच्या पिशवीत काही वेगळं वाजलं
की खिशातलं तेवढ्याच किमतीचं आत टाकायचे
आणि ते काढून घ्यायचे.
डेपोच्या खिडकीवर हिशेब पैशाला पैसा.
तीस वर्षांत पिशवी एकदाही कमी भरली नाही,
हे आई जरा कडवटपणे सांगायची,
कारण कमी भरायचा तो आमचा तांदळाचा डबा.

संग्रह म्हणजे काय, तर
लग्नपत्रिकांची पाकिटं, उलटी करून चिकटवलेली.
वर पेन्सिलीने लिहिलेलं, बहुतेकांवर सालसुद्धा नाही:
'लालबाग. नारळवाल्याने दिलं. हात ओला.'
'सायन हॉस्पिटल. मुलगी झाली म्हणून तिकीट दोनदा काढलं.'
'भोकाचा पैसा. चालत नाही म्हटलं. म्हातारी रडली. चालवला.'
दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली
की चिंचेचा कोळ, चिमूटभर राख, जुनं धोतर,
आणि दादा घासत बसायचे
वरळीच्या खोलीत, दिवे लागेपर्यंत.

ओजस म्हणाला, आई, हे ॲसेट आहे,
आणि पडून राहिलेलं ॲसेट म्हणजे तोटा.
दर पाच तारखेला त्याची एसआयपी कापली जाते.
नाक आजोबांचं आहे त्याचं.

म्हणून फोर्टात गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद.
कीर्तीभाईंनी भिंग डोळ्याला लावलं.
'कुणी घासली ही?'
वडिलांनी.
'बेन, चामडी सोलली वडिलांनी.
जो डाग होता ना, तोच पैसा होता.'
आणि वाल निवडावेत तशी
एकेक बोटाने बाजूला सारत गेले.

मग बोट थांबलं.
'हे नाही घासलं?'

चार आण्यांएवढं. दोन्ही बाजूंना सिंह.
छापा; उलटवलं तर छापा.
किंमत नाही, साल नाही,
सालाखाली असते ती आपल्या मुंबईची चौकटही नाही.
कुणाच्या तरी डुलकीतून निसटलेलं,
कदाचित इथूनच, पलीकडच्या टांकसाळीतून.
कीर्तीभाईंनी चहा मागवला.

आकडा सांगितला.
मी पदर उगाच सारखा केला.
दहा वर्षं थांबलात तर दुसरा आकडा,
पण ग्रेड लावून, डबीत सीलबंद,
हात न लावता.
'आणि पाकीट फेकू नका. पाकिटासकट द्या.
तारीख फक्त त्याच्यावर आहे.'

पाकिटावर:
'१९७८, श्रावणी सोमवार. भायखळा.
बाईंनी आठ आणे दिले. बाकी म्हणून हे दिलं.
म्हणाल्या, ह्यावर किंमतच नाही, कशाला घेऊ.
बरोबर होतं. दुसरं शोधेपर्यंत उतरल्या.
हिरवं लुगडं. हातात दुधाची किटली.
चार आणे देणं.'

खाली वेगवेगळ्या पेन्सिलींनी:
'दिसल्या नाहीत.'
'दिसल्या नाहीत.'
'किटली दिसली, बाई दुसऱ्या.'
आणि रिटायर झाले त्या साली:
'आता गाडीच नाही.'

मी विचारलं, चार आण्यांवर
इतक्या वर्षांचं व्याज किती होईल?
कीर्तीभाई हसले, वाईट नाही, मनापासून.
'चार आणे बंद झाले, बेन.
देणंही बंद.'

चहा पूर्ण प्यायले. पाकीट पर्समध्ये टाकलं.
उद्या कळवते म्हटलं.

ओजसला अजून आकडा सांगितलेला नाही.
स्वयंपाकघरात वाटीत चिंच भिजत घातली आहे,
आमटीसाठीच, असं म्हणून.
मघाशी नाणं उडवून पाहिलं.
छापा.
परत उडवलं.
छापा.
चिंच आता मऊ झाली असेल.